कानामागची खळ

नातीनं बाहेर आलेलं कान आपरेशन करून आत घेतलं. तिच्या पट्टीला औषधाचा वास येतुया, आन् मला खळीचा वास आठवतुया.

मला बघायला पावणं येणार हुतं. आईनं मागावरच्या सुताला लावायची खळ कानामागं चोपडली, आन् माझं कान डोक्याला चिकटवलं. "तोंड लई हलवू नगंस," म्हणली. पोरानं हळूच नाव इचारलं. मी हसले, तशी वाळलेली खळ तडकून एक कान बाहेर आला.

पोराची आई म्हणली, "सुपावानी हाय की! पाखडायला बरं." समदी हसली, पोरगाबी हसला. मग पावणं उठून गेलं.

"हसलीस कशाला गं?" म्हणून आईनं लई मारलं. पोरगा आवडला हुता, हे मी तिला कवाच सांगितलं न्हाय.