विटकरी काच, पिवळी काच

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि दाराची कडी वाजली. सकाळचे सात. दिपमालाचे हात कणकेत, म्हणून सासूबाई, झुंबरबाई, उठल्या. त्यांना वाटलं दूधवाला असेल. दारात उभे होते दिपमालाच्या प्रयोगशाळेतले परिचर मोतीलाल, सोनगीरहून मोटारसायकल हाणत आलेले, हातात वर्तमानपत्राची पुडी.

"फोन नाही का करायचा, मोतीभाऊ?"

"फोनवर रंग कसा सांगू, मॅडम?"

त्यांनी पुडी खिडकीत उघडली. काचेच्या दोन पट्ट्या. एक विटकरी, दुसरी फिकट पिवळी.

"दोन्ही कालच्याच. द्रावणं तीच, फेऱ्या चाळीस-चाळीस. विटकरी ती यंत्रावरची. पिवळी मी हाताने केली."

दिपमाला कणकेचे हात तसेच घेऊन स्टुलावर बसली.

धुळ्यातल्या देवपूरच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवते. माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. एम.एस्सी. जळगावला, पीएच.डी. लग्नानंतर धुळ्यात, मुलीला मांडीवर थोपटत. तेव्हापासून अकरा वर्षं एकच ध्यास: सेमीकंडक्टरचे क्वांटम कण. गुळाची ढेप फोडा, खडा करा, भुगा करा, रंग गुळाचाच राहतो. पण कॅडमियम सेलेनाइडचा कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागाइतका बारीक झाला, की आतल्या इलेक्ट्रॉनला हातपाय पसरायला जागाच उरत नाही आणि पदार्थ आपला रंग सोडतो. लालाचा पिवळा होतो. असा थर काचेवर चढवायला महागडी यंत्रं लागतात. दिपमालाकडे चार चंचुपात्रं होती. काच एका द्रावणात बुडवायची, पाण्यात खळबळायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा पाण्यात. ही झाली एक फेरी. तिच्या काचा पिवळ्या निघाल्या आणि धुळ्याच्या पत्त्यावरचा निबंध चांगल्या नियतकालिकात छापून आला.

मग तिचा खांदा आखडला. मोतीलालांनी गाडीच्या वायपरच्या मोटरीपासून काच बुडवायचं यंत्र बनवलं, आणि तेव्हापासून एकजात सगळ्या काचा विटकरी. त्यातच समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेने नियतकालिकाला कळवलं, की या कृतीने पिवळा थर येतच नाही. महिनाअखेर खुलासा करा, नाहीतर निबंध मागे घ्या, असं पत्र आलं. आपल्या पिवळ्या काचा म्हणजे निव्वळ योगायोग होता, असं आता तिलाच वाटू लागलं होतं. माघारीचं पत्र लिहून तयार होतं. पाठवायचं तेवढं बाकी.

"हाताने तुम्ही वेगळं काय केलंत?"

"काही नाही. इतकी वर्षं तुमच्या बाजूला उभा राहून पाहिलं, तसंच केलं."

"मग करून दाखवा."

चार वाट्यांत साधं पाणी आलं, काचेच्या जागी मुलीची प्लास्टिकची पट्टी. मोतीलाल बुडवू लागले. दिपमाला घड्याळ लावून सेकंद मोजत होती. वेळा बरोबर, क्रमही बरोबर. तीन फेऱ्या झाल्या, तिला काही सापडेना. कुकर कधीचा बंद करून झुंबरबाई दाराला टेकून बघत होत्या.

"मोतीलाल, तू दर खेपे ती पट्टी खिडकीमा धरीसन काय देखस रे?"

मोतीलाल ओशाळले. "थर बसला का ते बघतो, अक्का. मॅडम पण बघायच्या."

"मंग त्या यंत्रले डोया शेतस का?"

यंत्राला डोळे! दिपमाला उठून उभी राहिली. दर फेरीनंतर काच उजेडाला धरून बघायची तिला सवयच होती. खिडकीतून एप्रिलचा कोरडा वारा यायचा आणि बघता बघता काच सुकायची. थर सुकला की त्यातले कण जागच्या जागी थिजत असणार, पुढच्या फेरीत फुगत नसणार. यंत्र काच ओलीच पुढे ढकलत होतं. आणि समुद्रकाठच्या दमट हवेत काच सुकणार तरी कशी? तिने कृतीत बुडवणं लिहिलं, धुणं लिहिलं. बघणं कोण लिहितं?

"मोतीभाऊ, गाडी काढा. पोळ्या राहू द्या."

"पोया मी लाटस," झुंबरबाई म्हणाल्या. "तू जाय."

प्रयोगशाळेत त्यांनी यंत्र दर फेरीला थांबवलं, काच दहा सेकंद पंख्यासमोर धरली. विसाव्या फेरीला पिवळी झाक दिसली. मोतीलाल फेऱ्या मोजत राहिले, आवाज मात्र चढत गेला. चाळीस फेऱ्यांनंतर, काच किती प्रकाश शोषते त्याच्या आलेखावरून कणाचा आकार निघाला: तीन नॅनोमीटर. दिपमालाने लगेच दुसरी काच लावली, मग तिसरी. तिन्ही पिवळ्या. खांदा दुखतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

चार वाजता तिने समुद्रकाठच्या प्रयोगशाळेत फोन लावला. ज्यांनी तक्रार केली होती, त्याच संशोधक बाई बोलत होत्या, जरा सावधपणे.

"तुमचं काही चुकलं नाही," दिपमाला म्हणाली. "एक पायरी मी लिहिलीच नव्हती. दर फेरीनंतर काच दहा सेकंद कोरड्या हवेत सुकवायची. उद्या तेवढं एकदा करून बघाल का?"