रेवतीचा दगड

शेवंता रणनवरेचं कोणाशी पटत नाही, असं दिल्लीतले मराठी ख्रिस्ती एकमेकांना सांगत. आता खरं ते खरं. राहुरीकडची बाई, सरकारी हॉस्पिटलात सिस्टर, आणि तोंड असं की मेट्रनसुद्धा तिच्या वॉर्डात जरा जपूनच यायची. नवरा भालचंद्र मात्र मवाळ, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. महिन्यातून एकदा हॉल मागून मराठी उपासना व्हायची, तिथे तो दानाची थैली फिरवायचा आणि ती संडे स्कूलची पोरं आवरायची.

शहाण्णव साली त्यांनी गाझियाबादच्या एका नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला. सरकारी क्वार्टर सोडायची आणि नाताळ स्वतःच्या घरात करायचा, या हौसेनं दोघंही पेटली होती. लिफ्ट अजून बसायची होती. चौथ्या मजल्यावर, त्यांच्या दारासमोरच, लिफ्टच्या उघड्या भोकाला प्लायवूडची फळी टेकवून ठेवलेली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "नए साल में लग जाएगी, आप आ जाइए." झालं, ही गेली राहायला. नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या नऊ वर्षांच्या रेवतीनं दारावर कागदी चांदणी टांगली आणि नीट दिसतेय का बघायला चार पावलं मागे सरली. फळी निसटली आणि पोर खाली गेली.

मग काय, ज्याला त्याला देवाची योजना कळायला लागली. एक बाई म्हणाली, देवाला आपल्या बागेसाठी गोड फूल हवं होतं. शेवंता म्हणाली, "मग तुमच्या घरातलं द्यायचं होतं." कोणी म्हणालं, दुःखात माणूस तावूनसुलाखून निघतो. "मला तावायला माझी पोर मारली होय?" असं तिनं विचारलं, आणि सांगणाऱ्याचा चहा तसाच राहिला. पाळकसाहेब भला माणूस, शिकलेला. त्यांनी खुर्ची जवळ ओढून समजावलं की देव वाईट करत नाही, होऊ देतो, आणि का ते आपल्याला आज दिसत नाही.

"होऊ देतो म्हणजे फळी सरकताना तो बघत उभा होता?" शेवंता म्हणाली. "साहेब, लिफ्ट नसताना चाव्या वाटल्या, तेही कोणीतरी होऊच दिलं ना?" उत्तर ऐकायला ती बसली नव्हती.

आणि मग तो बिल्डरचा माणूस आला, फळांची करंडी घेऊन. मान खाली घालून म्हणाला, "बहनजी, ऊपरवाले की मर्ज़ी के आगे किसकी चली है." शेवंताचं डोकंच फिरलं. देवाची मर्जी हे वाक्य वॉर्डात केव्हा बाहेर निघतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. सलाईन संपलेलं कोणी पाहिलं नाही, डॉक्टर वेळेवर आला नाही, की बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हेच ऐकवायचं. नवी असताना तिनंही ते ऐकवलं होतं. तिनं करंडी उचलून जिन्यावरून भिरकावली, आणि भालचंद्र सफरचंदं गोळा करायला खाली धावला. त्याचा तिला बिल्डरच्या माणसापेक्षा जास्त राग आला.

पुढे कबरीवर संगमरवरी दगड बसवायचं ठरलं. मजकुरात "प्रभूच्या इच्छेने" हे शब्द असायचेच, सगळ्यांच्याच दगडांवर असतात. शेवंता म्हणाली, ते नकोत. लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात पडून मेली, असं लिहा. भालचंद्र म्हणाला, "असं कोणी दगडावर लिहितं का?" त्यावरून अशी धुसफूस सुरू झाली, की दोघं एका ताटलीतली भाकरी मोडेनाशी झाली.

एप्रिलच्या उन्हात दगड बसला. सगळी मंडळी जमली, पाळकसाहेबांनी झगा घातला, आणि वरची चादर काढली तर रेवतीच्या नावाखाली ठसठशीत, "प्रभूच्या इच्छेने स्वर्गवासी". भालचंद्रनं तिला न सांगता तसंच कोरून घेतलं होतं. शेवंतानं "प्रभूच्या इच्छेने"वर बोट ठेवून कारागिराला हाक मारली. "भैया, ये दो शब्द घिस दो."

"शेवंताबाई," पाळकसाहेब म्हणाले, "देवाशी भांडून काय मिळणार?"

"देवाशी कोण भांडतंय? मी तुमच्याशी भांडतेय. खून तुम्ही त्याच्यावर घालताय." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "ही एवढी माणसं, यातलं कोण आहे माझं? मला त्याच्याशीच बोलायचं असतं. ज्यानं माझी पोर ढकलली त्याच्याशी मी काय बोलू? लेक तर गेली, आता देवही काढून घेता का माझा?"

बोलला तो भालचंद्र, दगडाकडे बघत.

"त्याची इच्छा नव्हती, तर मग मी उरतो, शेवंता. ताब्याच्या कागदांवर सह्या मी केल्या. ती फळी मी हातानं हलवून पाहिली होती. हलत होती. म्हटलं, नंतर सांगू." त्यानं चष्मा काढला. "ते दोन शब्द काढलेस तर मी कुठे जाऊ?"

आता ही विरघळेल, असं सगळ्या बायांना वाटलं. दोघींनी तर रुमाल काढले. चार महिने शेवंता नेमकं हेच त्याच्या तोंडून ऐकायला टपली होती, आणि ऐकल्यावर तिला त्याची दया आली नाही, खोटं कशाला सांगायचं.

"हो, तुम्ही," ती म्हणाली. "आणि मी. नाताळची घाई मलाही होती. आणि तो बिल्डर. आपण तिघं. तो नाही."

भालचंद्र दगडाशेजारी मातीत बसला. कारागीर कोणाचं ऐकावं म्हणून घुटमळला, मग त्यानं बाईकडे बघितलं आणि छिन्नी लावली. पाळकसाहेब प्रार्थना न करताच बाजूला झाले, मंडळी कुजबुजत फाटकाकडे निघाली. दगडाची पांढरी भुकटी भालचंद्रच्या डोक्यावर उडत होती. शेवंता त्याच्या शेजारी जाऊन बसली. हात मात्र तिनं धरला नाही, तेवढं तिला अजून जमत नव्हतं.