शेजारच्याबद्दल एक चांगली गोष्ट

जूचंद्रच्या ज्या शाळेत मी खिचडी शिजवते, तिथे एकदा शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. शिकवायला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. त्यांचं नाव मला कळलं नाही. प्रश्न विचारला की त्या चष्मा काढून पुसत बसायच्या आणि उत्तर येईपर्यंत पुसतच राहायच्या.

मी चहा घेऊन गेले, तेव्हा सहकाऱ्यांचा उत्साह कसा वाढवावा हे चाललं होतं. प्रत्येकाने शेजारच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची होती. हेडसरांच्या शेजारी तिसरीच्या बाई बसल्या होत्या. "इथे माझी कोणाला गरज नाही, मी बदली मागतेय," असं त्या सकाळीच मला म्हणाल्या होत्या.

सर म्हणाले, "बाई वेळेवर येतात."

"वेळेवर तर शाळेची घंटाही वाजते, सर," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

चहावर साय धरली. कप कोणी उचलेना.

शेवटी सर टेबलाकडे बघत म्हणाले, "बाई रजेवर असल्या की तिसरीची मुलं सारखी माझ्या दारात येतात. बाई कधी येणार, विचारतात. माझं ऐकतच नाहीत."

"हे बाईंना कधी सांगितलंत?"

"आत्ताच."

"मुलांना शाबासकी देता ना? मग मोठ्यांनी काय पाप केलंय?"

बाईंनी पदराने डोळे टिपले. "सर, आता मुलांनी विचारलं तर सांगा, बाई कुठे जात नाहीत."

मला वाटलं, मॅडम टाळ्या वाजवायला लावतील. त्या फक्त म्हणाल्या, "पुढचे."