रानीचं पान

माझा नवरा पाथर्डीकडचा आणि मी पुण्याची. आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटर क्लासला होतो, तेव्हा त्याच्या 'पानी' आणि 'लोनी'वर मी पोट धरून हसले होते. तो रागावला नाही, हे बघूनच बहुधा मी त्याच्याशी लग्न केलं. लग्नानंतर मात्र हसणं सोडून मी दुरुस्त्या सुरू केल्या. "पाणी म्हण." "पानी." "अरे, ण. जीभ वर वळव." "वळवली. पानी." शेवटी तो म्हणायचा, "तुला तहान लागली का न्हाई, तेवढं सांग," आणि तांब्या माझ्यापुढे करायचा.

नव्वदच्या दशकाचे अखेरचे दिवस होते. नगरला एका बोळात, शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही वेबसाइट बनवून द्यायचं ऑफिस काढलं होतं. वेबसाइट म्हणजे काय हे समजावण्यातच आमचा निम्मा दिवस जायचा. सोनईच्या बियाण्यांच्या व्यापाऱ्याला मी सांगितलं, "तुमच्या दुकानाची पाटी समजा, फक्त कुठूनही वाचता येणारी." त्यावर तो म्हणाला, "पन सोनईतून दिसंल का?" सोनईत तेव्हा कॉम्प्युटर कुणाकडे होता देव जाणे, पण मी ठोकून दिलं, "दिसेल."

पानं आम्ही नगरला तयार करायचो आणि फोनच्या लाइनवरून पुण्याला एका ओळखीच्या माणसाच्या सर्व्हरवर पाठवायचो. सर्व्हर म्हणजे कायम चालू ठेवलेला कॉम्प्युटर. आमची पानं सांभाळायची आणि कुणी मागितली की दाखवायची, एवढं त्याचं काम. आमची कामाची वाटणी ठरलेली होती. नवरा फोटो स्कॅन करायचा, पान तयार करून त्याच्या फाइलला नाव द्यायचा. मी साइटचं पहिलं पान करायची आणि कुठल्या शब्दावर माऊसचं बटण दाबलं की कुठलं पान उघडायचं, ते त्यात लिहायची. फाइलींची नावं मराठी, अक्षरं इंग्रजी. त्यासाठी आमचा एक नियम होता: छोटा एन म्हणजे न आणि मोठा एन म्हणजे ण. ट, ड, ळ यांचंही असंच मोठ्या अक्षरांवर चालायचं आणि ते त्याला नीट जमायचं. गाडी अडायची ती फक्त ण पाशी.

आमची सगळ्यात लाडकी गिऱ्हाईक म्हणजे मावशी. नात्याची नव्हे, आमच्या घराशेजारची. उभा जन्म दवाखान्यात आया म्हणून राबलेली ख्रिस्ती बाई, आवाज खणखणीत आणि मन मऊ. तिची मुलगी नर्स होऊन आखातात गेली होती. जावई नागापूरला कारखान्यात पाळ्या करायचे, म्हणून दोन वर्षांची नात मावशीजवळ असायची. नातीचं खरं नाव चांगलं बायबलमधलं होतं, पण मावशी तिला रानीच म्हणायची. या रानीचं एक पान आम्ही केलं होतं. त्यावर तिचे फोटो आणि खाली मावशीने सांगितलेल्या चार ओळी. तिकडच्या दवाखान्यातल्या एका मल्याळी कारकुनाच्या कॉम्प्युटरवर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रानीची आई ते उघडून बघायची. पानाचा पत्ता मावशीनेच तिला फोनवर सांगितला होता. "पुढचं सगळं ताईनं सांगितलं तसं लिही, आन् शेवटी आपली रानी," असा.

त्या महिन्यात रानीला कांजिण्या आल्या. बऱ्याही झाल्या. मावशीने आमच्याच ऑफिसातून फोन लावून मुलीला तसं सांगितलं, पण पलीकडून रडणंच ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मावशी खुर्चीत बसली आणि तिने सगळं सांगितलं. मुलीचे वडील, म्हणजे मावशीचा नवरा, गेले, तेव्हाही फोनवर सगळ्यांनी तिला "बरे हायेत" असंच सांगितलं होतं. परमुलखात एकटी पोर, जिवाला घोर नको म्हणून. माती झाल्यावर तिला कळलं.

"आता तिचा फोनवर इश्वासच न्हाई," मावशी म्हणाली. "म्हन्ती, शुक्रवारी रानीचा नवा फोटो दिसला तर खरं. न्हाई दिसला तर करार मोडून निघून येती. तसं आली तर ताई, परत घेनार न्हाईत तिला. लई मेहनतीनं गेलीय पोर."

फोटो काढून आणायला दोन दिवस गेले. नेमका त्याच दरम्यान पुण्याहून सर्व्हरवाल्याचा फोन आला. त्याने नवं सॉफ्टवेअर टाकलं होतं. "आता बघा सगळं कसं पळतंय," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आमची साइट पळूनच गेली होती. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य: सर्व्हरच्या आत काहीतरी चूक झाली आहे. काय चूक, कुठे, कुणाची, काही नाही. मला असल्या मोघम बोलण्याचा पहिल्यापासून तिटकारा आहे. मी पहिल्या पानातली एकेक गोष्ट काढत गेले. चित्र काढलं, पाटी काढली, सरकती ओळ काढली. शेवटी किती जणांनी पान बघितलं ते मोजणारा आकडा काढला आणि पहिलं पान लख्ख उघडलं. त्या आकड्यामागे एक छोटा प्रोग्रॅम होता, तो नव्या सॉफ्टवेअरला चालत नव्हता. आम्ही आनंदाने खालून चहा मागवला.

चहा येईपर्यंत मी रानीच्या नावावर माऊस दाबला. आता वेगळं वाक्य आलं: असं पान इथे सापडत नाही.

सोनईवाल्याचं दुकान उघडत होतं, पण त्याच्या 'बियाणे' शब्दावर दाबलं की तेच, सापडत नाही. नागापूरच्या एका वर्कशॉपची पानं मात्र सगळी उघडत होती. ती इंग्रजीत होती. झालं, मी निकाल देऊन टाकला, मराठी फॉण्टची भानगड आहे. आख्खा दिवस फॉण्ट बदलण्यात घालवला. काही उपयोग नाही. आमच्या कॉम्प्युटरवर सगळी पानं उघडायची, पुण्यावर मागितली की गायब. सर्व्हरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "इकडे सगळं ओके आहे, तुमच्याकडचं बघा." मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. नवऱ्याने हळूच फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि त्याची माफी मागितली. मग मी नवऱ्याशी बोलायचं बंद केलं.

गुरुवार उजाडला. मावशीला घरी चैन पडेना, म्हणून दुपारी ती रानीला घेऊन ऑफिसात येऊन बसली. मला कशाला त्रास द्यायचा, म्हणून तिने एकदाही "झालं का?" असं विचारलं नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला. रानीच्या गालावर अजून डाग होते, हातात बिस्कीट होतं, आणि तिचा सगळा डोळा माझ्या माऊसवर होता. मी फाइली पुसून पुन्हा पाठवत होते. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, काय माहीत. पान सापडत नाही.

रानीने बिस्किटाचा हात माऊसकडे नेला. मागून नवरा अगदी हळू आवाजात म्हणाला, "राणी, हात नाही लावायचा."

माझे हात थांबले. मी वळून बघितलं.

"काय म्हणालास?"

"काही नाही. हात लावू नको म्हनालो."

"त्याच्या आधी."

तो कानापर्यंत लाल झाला. मावशीसुद्धा बघायला लागली.

"राणी," तो म्हणाला. चांगला ठसठशीत ण. माझ्या माहेरी कुणी नावं ठेवली नसती असा.

"कधीपासून जमतो तुला?"

"दिवाळीपासून शिकतोय," तो म्हणाला. "तुझ्यापुढं बोलायची लाज वाटती. म्हनून आधी फायलींची नावं सुधारायला घेतली. नवीन फाइल आली की ण च्या जागी आठवनीनं मोठा एन टाकतो."

 मला रडावं की हसावं कळेना. कारण दिवाळीपासूनच मीही गुपचूप एक गोष्ट करत होते. माझ्या दुरुस्त्यांना तो कधी उलटून बोलला नाही, याचं मला मनातून वाईट वाटायला लागलं होतं. बोलून दाखवणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून पहिल्या पानात लिहिताना मी त्याच्या तोंडचा शब्द लिहायला लागले होते. ण असेल तिथे छोटा एन. म्हणजे जुनं 'बियाणे' माझ्या बाजूला ण होतं आणि त्याच्या फाइलीवर न. दिवाळीनंतर केलेली नवी रानी माझ्या बाजूला न होती आणि त्याच्या फाइलीवर ण. एकमेकांच्या गावाला जायला निघालो आणि वाटेत चुकामूक झाली.

जुन्या सर्व्हरला काय, आमच्या कॉम्प्युटरला काय, याचं काही नव्हतं. मोठा एन काय, छोटा एन काय, त्याला सारखंच. आपलं म्हणून पान काढून द्यायचा. नवा अक्षर अन् अक्षर तपासणारा निघाला. तो रानी मागितल्यावर राणी देईना. थोडक्यात, तो माझ्यासारखा होता.

"मोठा एन," मी ओरडले. "अरे, तुझा मोठा एन!"

त्यानेही पडद्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. आता दोन्हीकडे एकच करायचं, एवढंच राहिलं होतं. तो फाइल तशीच ठेवून माझ्या बाजूचं बदलायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला. तिकडे रानीची आई पत्ता स्वतः टाइप करायची, आईच्या तोंडून ऐकला तसा, छोट्या अक्षरांत. तिला आमच्या नियमाचं काय माहीत?

"तुझा ण काढावा लागेल," मी म्हणाले.

"एवढा शिकलो आन् काढायचा?" तो म्हणाला. पण हसत होता. त्याने फाइलीचं नाव बदललं, फोनची लाइन कुरकुरली, आणि पडद्यावर रानी वरून खाली हळूहळू उतरत आली. आधी केस, मग कपाळ, मग गालावरचे डाग, मग हसणारं तोंड. मावशीने डोळे मिटून काहीतरी पुटपुटून आमेन म्हटलं. आमच्या दोघांच्या डोक्यावरून तिने हात फिरवला.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसात फोन वाजला. मावशी सकाळपासून तिथेच होती. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"दिसली? ... व्हय, डागच हायेत, जातील. ... दाढा? आल्यात की, वरच्या बी आल्या. ... न्हाई गं, खोटं कशाला सांगू, आता तुझ्या डोळ्यानं बघितलंस ना? ... व्हय. व्हय, तू तिकडंच ऱ्हा. करार पुरा कर. आमी समदी बरी हाव."

रिसीव्हर ठेवून ती आमच्याकडे वळली. "लई खूश झाली पोर," म्हणाली. "न्हाई येत म्हन्ती आता."

मी म्हणाले, "बरं झालं मावशी."

"बरं झालं की," ती म्हणाली. मग तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं. "पान उघडलं नसतं तर आली असती गं ताई. घटकाभर का हुईना, आली असती."

 तीन दिवस आम्ही ज्यासाठी जिवाचं रान केलं, ते साधलं होतं, आणि मला त्या पडद्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटत होतं. मावशीच्या गळ्यात पडून मी रडले. ती मलाच थोपटत राहिली.

रानीला यातलं काही कळलं नव्हतं. ती पडद्यावरच्या स्वतःच्या फोटोला बिस्कीट भरवत होती. मावशीला जरा निवांत बसू द्यावं म्हणून मी हात पुढे केला.

"ये गं रानी," मी म्हणाले. "चल, खाली शिंपीकाकांकडे जाऊ."

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. दुरुस्त काही केलं नाही.