अडीनडीचा फोन

माझ्याजवळ दोन फोन असतात. एक मोठा, बोट फिरवायचा, लेकानं पुण्याहून पाठवलेला. दुसरा लहान, बटनांचा. तो अडीनडीला असू द्यावा म्हणून ठेवलाय, आणि दिवसभर मी त्याच्यावरच बोलत असते. कासारणीकडं बांगड्यांचा नवा माल आला की तिचा फोन ह्याच्यावर येतो. भजनातल्या बायकाही ह्याच्यावरच विचारतात. लेक कुरकुरतो, "माय, खरंच काही अडलं आन् मी हा लावला तर बिझीच लागंल."

"लागू दे. म्हंजे माय जिती हाय असं समज."

पण पंधराएक वर्षांपूर्वी ह्या घरात फार शिस्तीची बाई राहायची. तिचं नाव सांगत नाही. साड्या माझ्याच नेसायची.

तेव्हा घरात एकच फोन होता आणि तो मालकांच्या सदऱ्याच्या खिशात राहायचा. मालक सकाळी जेवून जवळा बाजार गावाला जायचे, सोयाबीन विकायचं असो की नसो, भाव ऐकायला. त्यांच्यासोबत फोनही भाव ऐकायला जायचा. त्याच उन्हाळ्यात लेकीचं लग्न झालं, कळमनुरीच्या पलीकडं दिली. पोळ्याला लेकानं बटनांचा फोन आणला. म्हणाला, "बाबा बाहेर असले आन् ताईला काही अडलं तर? हा घरी ठेव, अडीनडीला."

झालं. घरात दागिना आल्यासारखा मी तो फोन सांभाळायला घेतला. जुन्या ब्लाऊजच्या कापडात गुंडाळून दारामागच्या कोनाड्यात ठेवला. दसऱ्याला विळा-खुरप्याच्या रांगेत मांडून त्याची पूजा केली. कुंकू बटनाखाली गेलं आणि पाचाचा आकडा तेव्हापासून दोनदा दाबावा लागायचा. नंबर फक्त लेकीला दिला आणि बजावलं, "सटरफटर बोलायला न्हाई हा. अडलं तरच लावायचा."

दिवाळी झाली, लेक माहेरपण करून परत गेली, आणि एका सकाळी तो फोन पहिल्यांदा वाजला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानं धावले. कोनाड्यापर्यंत जाईस्तोवर मनात जावयाला दोनदा दवाखान्यात नेऊन आणलं.

"काय झालं गं?"

"माय, आमटीत गुठळ्या झाल्या."

"कशात?"

"येसराच्या आमटीत. चुलत सासरे जेवायला येऊन राहिले. आता काय करू?"

येसर म्हणजे आमच्याकडचा भाजून दळलेला मसाला, आमटीला दाटपणा आणणारा. तो कोरडा उकळत्या पाण्यात टाकला की गोळे होतात. हे तिला मीच शिकवायला हवं होतं, पण ते त्या बाईच्या ध्यानात येणार होतं थोडंच?

"गार पाण्यात कालवला न्हाई काय? फडक्यातून गाळ आता. आन् इतकुशा गोष्टीला अडीनडीचा फोन लावलास व्हय?"

"मला अडलंच होतं न, माय."

"त्याला अडणं म्हणत न्हाईत. ठेव."

तिनं ठेवला. मी बॅटरीच्या रेघा पाहिल्या. सगळ्या जागच्या जागी होत्या. फार समाधान वाटलं.

त्याच आठवड्यात उंदरानं ब्लाऊजचं कापड कुरतडलं. मग मी फोन स्टीलच्या डब्यात ठेवला, घट्ट झाकणाच्या, आणि डबा सांदीत, धान्याच्या कोठीमागं. लाईट असेल तेव्हा तेवढा काढून चार्ज करायचा आणि लगेच आत. बॅटरी मला ओळखू यायची. दुसऱ्या बाजूच्याही काही रेघा असतात हे मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर फोन वाजला नाही. शेजारणीला मी छाती काढून सांगायची, "लेक सुखात हाय. एक फोन न्हाई." दुपारी भांडी घासताना मात्र हात मधेच थांबायचा. वाजला की काय म्हणून नाही बरं, असाच. मग मी घरातल्या घरात येसर भाजायला घ्यायची, जो कुणाला नको होता.

संक्रांत जवळ आली. एका संध्याकाळी मालक बाजारातून आले आणि टोपी काढायच्या आधीच म्हणाले, "लेकीला काय बोललीस?"

"मी काहून बोलू?"

"तिचा फोन आला होता मला. माय रागावली का म्हणून इचारून राहिली. तुझा फोन लावला की आतली बाई म्हणते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कितीकदा लावला म्हणे. पोरीला वाटून राहिलं, मायनं आपल्यासाठीच बंद करून ठेवला."

मी कोठीकडं पाहिलं.

"संक्रांत झाली की आणायला येऊ का म्हणलं, तर म्हणते, आधी मायला इचारा. तिला नको असंल तर येत न्हाई."

मी कोठीमागून डबा काढला. मालकांनी झाकण उघडून आत पाहिलं आणि हसायला लागले.

"अगं, तूप हाय का हे? डब्यात रेंज कुठून येणार?"

त्यांनी फोन दारापुढच्या ओट्यावर नेला. त्या दुसऱ्या बाजूच्या रेघा एकेक करून वर आल्या. मी नंबर दाबला, पाच दोनदा दाबला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"माय? काय झालं? बाबा पोचले न घरी?"

तिचा आवाज कापत होता. कापणारच. ह्या फोनवरून फक्त संकटच येऊ शकतं असा नियम मीच केलेला. आता संकट आणायचं कुठून? मालक समोर धडधाकट उभे, गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, सगळं जागेवर. तुझ्यावाचून करमत नाही, एवढं बोलायचं होतं. पण शिस्तीच्या बाईच्या तोंडून ते निघेना.

"आमटीत गुठळ्या झाल्या," मी म्हणाले.

तिनं माझाच सवाल मला घातला.

"येसर गार पाण्यात कालवला न्हाई काय?"

"न्हाई."

"फडक्यातून गाळ मग. आन् माय, इतकुशा गोष्टीला अडीनडीचा फोन लावलास व्हय?"

मग ती हसली, आणि नाक ओढल्याचाही आवाज आला. पुढं आम्ही काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. तिची सासू चहात आलं घालत नाही. परसातल्या लिंबाला फळ धरलंय. जावई घोरतात. मी डबा, उंदीर, सगळं सांगितलं, आणि तिनं मला दोनदा येडी म्हणलं. आणायला कधी यायचं ते ठरवत होतो तेवढ्यात फोननं बारीक आवाज केला आणि मेला. इतकी जपलेली बॅटरी, एका बोलण्यात संपली. लाईटही नव्हती.

मी घरात गेले आणि मालकांपुढं हात पसरला.

"तुमचा द्या."

"काहून? आता काय अडलं?"

"लई अडलंय. द्या."