लोइसबाईंचे शेवटचे कपडे

लोइसबाईंच्या लेकीचा, जेनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "मॉम गेली," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "आता चर्चमधल्या बायका येतील तिला कपडे घालायला. मला बाहेर थांबावं लागेल." आई जाऊन तासही झाला नव्हता, आणि लेकीच्या मनात पहिलं काय आलं, तर दाराबाहेर उभं राहणं. मी नवऱ्याला फोन केला. सतीश म्हणाला, "मीटिंग्ज कॅन्सल कर आणि तिथेच थांब. मी येतो. अशा अवस्थेत तू ड्राइव्ह करू नकोस." या गोष्टीला आता दीड महिना होईल, पण जेनीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

लोइसबाई आमच्या शेजारीण. 'बाई' मी मनातल्या मनात लावलेलं. समोर त्या नुसत्या लोइस, आणि माझ्या मुलांच्या ग्रँडमा लोइस. इथे अमेरिकेत, कॅरी गावात आम्ही घर घेतलं, सामान अजून खोक्यांतच होतं, तेव्हा त्या झुकिनी ब्रेड घेऊन लॉन ओलांडून आल्या आणि आधी विचारलं, "अंडं चालतं ना तुम्हाला?" त्या मॉर्मन होत्या. या ख्रिस्ती पंथात चहा, कॉफी, दारू सगळंच वर्ज्य. मला कुठे माहीत! मी रीतसर चहा पुढे केला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला, वास घेतला, गार होईपर्यंत धरून ठेवला आणि तसाच खाली ठेवला. मला वाटलं, चहा बिघडला. पुढच्या वेळी आलं जास्त घातलं. त्याच्या पुढच्या वेळी वेलदोडाही. तेव्हा कुठे त्या हसत म्हणाल्या, "मेधा, मला चहा चालत नाही गं. पण हात छान शेकले जातात, तू कप देत जा." मग मी कायम देत गेले. त्यांच्याकडे महिन्यातून एक रविवार उपास असे, पाणीसुद्धा न पिता. माझ्या एकादशीला त्यांनी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर दाण्याचा लाडू असं ताट पाहिलं आणि "हा उपास?" असं इतक्या सभ्यपणे विचारलं, की मला पुढचे दोन घास गिळवेनात. चर्चला येतेस का, हे त्यांनी मला एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं. पुन्हा विषय काढला नाही, आणि ब्रेड येणंही थांबलं नाही.

त्यांचा नवरा डेल शाळेत शिकवायचा, तो पुष्कळ आधी गेला. चार मुलगे दूर युटा राज्यात स्थायिक झाले, जेनी धाकटी. बाईंचं उरलेलं सगळं आयुष्य चर्चचं होतं. कुणाचं बाळंतपण असो की ऑपरेशन, त्या घरी लोइसबाईंचा चीज घातलेल्या बटाट्याचा ट्रे पोचलाच म्हणून समजा. एक काम मात्र त्या गाजावाजा न करता करायच्या. मॉर्मन लोकांचं रविवारचं चर्च सगळ्यांना खुलं असतं, पण त्यांचं टेंपल वेगळं. तिथे फक्त पंथातले, देवाला ठरावीक वचनं दिलेले लोक जाऊ शकतात. अशी वचनं दिलेली बाई वारली, की तिला टेंपलचे पांढरे कपडे घालून पुरतात, आणि ते घालायला बाईही तशीच, वचनं दिलेली लागते. वॉर्डात, म्हणजे त्यांच्या चर्चच्या स्थानिक मंडळीत, कुणी गेलं की बोलावणं लोइसबाईंना. त्या जाऊन येत आणि त्या दिवशी फारसं बोलत नसत.

जेनीने कॉलेजात असतानाच चर्च सोडलं. भांडणतंटा काही नाही, येणं-जाणंही तुटलं नाही, फक्त तो विषय मायलेकींमध्ये बंद झाला. जेनी नर्स आहे. परक्या लोकांच्या आयांना आंघोळ घालण्यात तिचं आयुष्य चाललंय. लोइसबाईंच्या नातीचं लग्न टेंपलमध्ये झालं तेव्हा सगळं घर आत होतं आणि नवरीची आत्या बाहेर बाकावर. मी सोबत बसले होते. लोइसबाई बाहेर आल्या त्या सरळ जेनीकडे, तिच्या ड्रेसची कॉलर नीट केली आणि फोटोसाठी निघून गेल्या. त्यानंतर काही दिवसांनी माझ्या किचनमध्ये, कप हातात धरून, त्या एकदम म्हणाल्या, "आम्ही मानतो की कुटुंब मेल्यावरही एकत्र राहतं. डेल असेल, मुलगे असतील... जेनी नसेल. तिच्याशिवाय तिथे जाऊन मी करू काय?" नव्वदीला टेकलेली बाई, उभा जन्म ज्या एका आशेवर काढला, तिलाच घाबरत होती. मला रागच आला. तुमचे हे नियम, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण माझे वडील गेले तेव्हा मुलींनी स्मशानात यायचं नसतं म्हणून मला फाटकाशीच थांबवलं होतं. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

शेवटच्या वर्षी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. वॉर्डातली एक बाई गेली होती आणि तिच्या चर्च सोडलेल्या मुलीला आत यायचं होतं. "मीच अडवलं तिला. नीट समजावून सांगितलं. ती पर्स छातीशी धरून उभी राहिली."

"मग नियम चुकीचा आहे का?" मी विचारलं.

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. मग कप खाली ठेवत, "पण ती मुलगी मला आठवते."

"हे जेनीला सांगा ना."

"तिला काय सांगू? नियम तिला माहीतच आहेत."

फ्यूनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची तयारी करतात तिथे, वॉर्डातल्या तिघीजणी आल्या. त्यांत मर्लीन पुढे होती. तिला हे काम लोइसबाईंनीच शिकवलेलं. तिने जेनीला जवळ घेतलं, सॉरी म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आम्ही दोघी बाहेरच्या सोफ्यावर. जेनी दाराकडे बघत म्हणाली, "उजवा हात वर केला की तिचा खांदा दुखतो. त्यांना माहीत नसेल." मी तिचा हात धरला.

मग दार उघडलं. मर्लीन म्हणाली, "सगळं झालंय, जेनी. फक्त मोजे राहिलेत. लोइसने मला सांगून ठेवलं होतं: मोजे कुठल्याही दुकानात मिळतात, त्यांना कसलं वचन लागत नाही, ते जेनीसाठी ठेवा."

जेनी उठली. उठताना तिने माझी बाही धरली ती सोडली नाही, म्हणून मीही गेले; कुणी अडवलं नाही. लोइसबाई पांढऱ्या कपड्यांत निजल्या होत्या. पाय तेवढे उघडे होते, निळसर आणि फार लहान. पहिला मोजा जेनीने चढवला. रोज पेशंटना मोजे घालणारी ती, पण दुसरा टाचेशी अडकला. मी टाच उचलून धरली. मोठ्यांच्या पायांना हात लावायची आपली रीत. बाईंनी मला ती कधी पाळू दिली नव्हती, पाय मागे घ्यायच्या. आता त्यांनी घेतले नाहीत... मला रडू आवरेना.

जेनीने मोजा वर ओढला, घोट्यावरची चुणी बोटाने सारखी केली. मान वर न करता तिने मर्लीनला विचारलं, "हे तिने तुम्हाला कधी सांगितलं?"

"झाली की काही वर्षं," मर्लीन म्हणाली.

"मला का नाही सांगितलं?" जेनी म्हणाली. "दर रविवारी जेवायला येत होते मी."