पूजेतली रिंग

दोन्ही स्पीकर चालू केले आणि ढोलकी गायब झाली.

म्हणजे ढोलकी समोर वाजत होतीच. शोभाताईंचे यजमान घाम गाळून थापा मारत होते. पण स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवावीत तसा आवाज येत होता. एक स्पीकर एकटा लावला की छातीत घुमणारी थाप. दुसरा एकटा लावला तरी तीच थाप. दोन्ही एकत्र लावले की सगळी बोंब.

दसऱ्याची संध्याकाळ, पाली गाव, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. अर्ध्या तासात लोक जमणार होते. शोभाताई बारा वर्षं भावाच्या मागे कोरसमध्ये गायल्या. यंदा पहिल्यांदाच पुढचा माईक त्यांना मिळाला होता. आणि त्यांचा एक स्पीकर दुरुस्त केला होता मी.

माझं वडवणीत स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं हेच काम, त्यामुळे अंगात थोडा ताठा आहे. मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "ॲम्प्लिफायर खराब हाय."

ॲम्प्लिफायर भाड्याने देणाऱ्या रफिकचा. तो कशाला ऐकून घेतोय?

"मिस्त्री, माझी मशीन ठणठणीत हाय. काल तुमी काय केलं ते आधी बघा."

काल खंडेनवमी होती. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. मी दुकानातली एकूण एक वस्तू रॉकेलने पुसली, हळदकुंकू वाहिलं. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. आणि पूजेतल्या वस्तूला दसरा सरेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा नेम.

दुपारी शोभाताई दारात. टेम्पोतून पडलेला स्पीकर सोबत.

"ताई, आज हत्यारं पूजेत हायेत. परवा या."

"परवा येऊन काय करू, दादा? बारा वर्सांनी पुढं उभी ऱ्हाणार हाय. उद्या एकाच स्पीकरवर गाऊ का?"

त्यांचे डोळे भरून आले. मी देवाला हात जोडले आणि पूजेतला स्क्रू ड्रायव्हर उचलला.

स्पीकरच्या मागे एक काळी रिंग असते. आकार मेदूवड्याचा, पण बशीएवढी मोठी. हा कायमचा लोहचुंबक. तिची एक सपाट बाजू उत्तर ध्रुव, दुसरी दक्षिण. दोन लोखंडी प्लेटींमध्ये ती चिकटवलेली असते. मधल्या बारीक फटीत तारेची कॉइल असते आणि कॉइलला पुढचा कागदी पडदा जोडलेला असतो. तारेतून करंट गेला की चुंबक कॉइलला पुढे ढकलतो किंवा मागे ओढतो. पडदा हलतो, आवाज होतो.

या स्पीकरची रिंग फुटली होती. जुन्या रिंगची उत्तर बाजू पुढे होती, ते मी पाहून ठेवलं. माझ्याकडे त्याच मापाच्या रिंगा एका लाकडी दांड्यावर रचलेल्या असतात, सगळ्यांची उत्तर बाजू वर. वरची रिंग काढली, तिच्यावरचं कुंकू पुसलं, वरची बाजू पुढे ठेवून बसवली. सकाळी चिकटा वाळला. वाजवून पाहिला, झकास. पण एकटाच वाजवला.

आता पालीत मी खिशातला घड्याळाचा सेल काढला. सेलचं प्लस टोक स्पीकरच्या लाल तारेला आणि मायनस टोक काळ्या तारेला लावलं की पडदा पुढे यायला हवा. पहिल्याचा पुढे आला. माझ्या दुरुस्तीवाल्याचा आत गेला.

लाल तार लालवरच होती. मग मोबाईलमधलं होकायंत्र दोन्ही स्पीकरच्या मागे धरलं. एकाकडे काटा एका दिशेला, दुसऱ्याकडे नेमका उलट.

रिंग उलटी बसली होती. एकटा स्पीकर असेल तर फरक कळत नाही. पण दोघे शेजारी असले की एक हवा पुढे ढकलतो, तेव्हा दुसरा ती मागे ओढतो. एका झोपाळ्याला दोघांनी दोन्हीकडून एकाच वेळी धक्के द्यावेत, तसं. त्यात ढोलकीचा जाड आवाजच मरतो.

आणि रिंग उलटली कशी? रॉकेलने पुसताना मी अख्खी चळत दांड्यावरून काढली होती. उत्तर बाजूवरची खडूची खूण पुसली होती. मग चळत तशीच उचलून परत ठेवली, पण वरची बाजू खाली. सगळ्या रिंगा एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे बिनबोभाट बसल्या.

"काय झालं, दादा?" शोभाताई जवळ येऊन म्हणाल्या.

खोटं बोलता आलं असतं. पण रफिक बघत होता.

"चूक माझी हाय, ताई. रफिकभाई, तुमची मशीन चांगली हाय."

दुरुस्तीवाल्या स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल केल्या. रिंग उलटी, तर करंटही उलटा, हिशेब सरळ. काम एका मिनिटाचं.

"वाजवा," मी म्हणालो.

पहिली थाप पडली आणि मंडपाचं कापड थरथरलं. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बायका दचकल्या, मग हसायलाच लागल्या. रफिकने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढे झुकलो. "हां बे मिस्त्री, आता कसं!"

शोभाताई पुढे आल्या. माईक हातात घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत सूर लावला. बारा वर्षं मागे ठेवलेला तो आवाज ऐकताना मला लई आनंद झाला. मी शेवटच्या गाण्यापर्यंत हललो नाही.

खंडेनवमीची पूजा मी अजूनही करतो. सगळं रॉकेलने पुसतो. फक्त खुणा आता ऑइल पेंटने करतो.